शून्यातली मींड

मोबाइलवर त्वरण मोजणारं एक फुकट अ‍ॅप मिळतं. मागे एकदा ते सुरू करून फोन तळहातावर आडवा धरला आणि लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलो. लिफ्ट हलायच्या आधीच पडद्यावरची रेघ ९.८ वर होती. सुटताना तिने छोटासा उंचवटा घेतला, मग पाच-सहा मजले ती पुन्हा ९.८ वर सपाट चालली, आणि थांबताना तेवढाच खळगा पडला. लिफ्ट भरधाव जात होती त्या मधल्या वेळाची आलेखावर कसलीच खूण नव्हती.

यातल्या दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. बंद खोलीत बसून आपला वेग ओळखता येत नाही. वेग बदलला तरच कळतं. हे गॅलिलिओच्या काळापासून माहीत आहे. दुसरी गोष्ट जरा चक्रावणारी. लिफ्ट उभी असताना फोन ९.८ का दाखवत होता? तोच फोन गादीवर सोडून दिला असता तर पडता पडता त्याने शून्य दाखवलं असतं. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइनस्टाइनला नेमकं हेच सुचलं: खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. म्हणजे पडणारा निवांत असतो, आणि टेबलावर ठेवलेल्या वस्तूला टेबल सतत वर रेटत असतं. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांत जागच्या जागी फरक करता येत नाही, हे आइनस्टाइनचं सममूल्यता तत्त्व त्यातूनच निघालं.

फोनच्या आत सिलिकॉनची एक सूक्ष्म चकती बारीक स्प्रिंगांवर टांगलेली असते. ती मागे-पुढे सरकली की फोनला त्वरण कळतं. पण एकट्या अणूकडे ना स्प्रिंग, ना चकती. त्याला त्वरण कळत असेल तर कशातून?

उत्तरासाठी फलाटावर उभं राहू. शिट्टी वाजवत गाडी एकाच वेगाने जवळ येत असेल तर शिट्टी मुळापेक्षा चढी ऐकू येते, पण त्या चढ्या सुरावर ती स्थिर असते. गाडी जवळ येता येता वेग वाढवत असेल तर मात्र सूर एका जागी थांबत नाही, तो सलग वर सरकत जातो. गाणारे याला मींड म्हणतील. वेगाने पट्टी बदलते, त्वरणाने मींड लागते. अणूच्या बाबतीत त्वरण जे जे करतं, ते बहुतेक सगळं या एका वाक्यात आलं.

अणूला सूर ऐकू येतो, कारण तो स्वतःही तरंग आहे. १९२४ साली लुई द ब्रॉली या फ्रेंच विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात मांडलं की प्रत्येक कणाला तरंगलांबी असते आणि वेग जितका कमी तितकी ती मोठी. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर धावतो. तेव्हा त्याची तरंगलांबी त्याच्या स्वतःच्या आकाराहूनही आखूड असते, त्यामुळे तरंगपणा झाकलेला राहतो. तोच अणू सेकंदाला एक सेंटिमीटर इतका मंद केला की तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या पंक्तीला येऊन बसते. लेझरच्या माऱ्याने अणू असे मंद, म्हणजेच थंड करण्याच्या तंत्राला १९९७ चं नोबेल मिळालं, ते स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना.

त्याआधी हा प्रश्न न्यूट्रॉनला विचारून झाला होता. १९७५ मध्ये कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर या तिघांनी मिशिगनमधल्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन सिलिकॉनच्या एका स्फटिकात सोडले. स्फटिकाने प्रत्येक न्यूट्रॉनच्या तरंगाला दोन वाटा करून दिल्या आणि पुढे त्या पुन्हा जुळवल्या. स्फटिक कलता करून एक वाट दुसरीपेक्षा किंचित उंचावर नेली, की बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या लाटेसारखी कमी-जास्त व्हायची. १९८३ मध्ये बोन्झे आणि व्रोब्लेव्स्की यांनी पृथ्वीची मदत न घेता स्फटिकच मागे-पुढे हलवला, आणि परिणाम तोच आला. गुरुत्वाकर्षण असो वा साधा धक्का, तरंगाच्या हिशेबी दोन्हींची नोंद सारखीच.

ही नोंद होते ती तरंगाच्या कलेत. चंद्राची कला पाहून तो महिन्याच्या फेऱ्यात कुठवर आला ते सांगता येतं. तरंगाची कलाही तशीच, चढ-उताराच्या फेऱ्यात तो कुठवर आला याची खूण. दोन तरंग एकाच कलेत भेटले तर एकमेकांना उचलून धरतात, विरुद्ध कलेत भेटले तर एकमेकांना पुसून टाकतात.

१९९१ मध्ये स्टॅनफर्डला मार्क कासेविच आणि चू यांनी सोडियमच्या अणूंवर हे करून दाखवलं, आणि आज या उपकरणाच्या पेट्या बाजारात विकत मिळतात. आत काय चालतं ते जवळून पाहू. निर्वात कुपीत सहा बाजूंनी आलेल्या गडद लाल लेझरांच्या मध्यावर रुबिडियमचा साबुदाण्याएवढा ढग तरंगत असतो. त्यात लाखो अणू असतात आणि त्यांचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा काही लाखावा भाग इतकंच असतं. लेझर बंद केले की ढग पडू लागतो. पडता पडता त्याच्यावर खालून-वरून लेझरच्या तीन झपक्या मारल्या जातात, दोहोंत एकदशांश सेकंदाचं अंतर ठेवून. पहिली झपकी प्रत्येक अणूला अर्धवट ढकलते, म्हणजे त्याच्या तरंगाचा एक हिस्सा आहे तसा पडत राहतो आणि दुसरा सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर जादा वेग घेऊन वेगळा होतो. दुसऱ्या झपकीपर्यंत एकाच अणूचे हे दोन हिस्से एकमेकांपासून सुमारे १.२ मिलिमीटर दूर गेलेले असतात. दुसरी झपकी दोघांच्या वेगांची अदलाबदल करते, तिसरी त्यांना पुन्हा एकत्र आणते. शेवटी अणू चमकवून मोजतात: किती मूळ अवस्थेत, किती ढकललेल्या.

एकमेकांसमोरून येणारे ते दोन लेझर म्हणजे एक मोजपट्टीच आहे, जिच्या खुणा ०.३९ मायक्रॉनवर आहेत. प्रत्येक झपकीला अणू त्या मोजपट्टीवरची आपली जागा कलेत टिपून घेतो. अशा तीन जागा मिळाल्या की पहिली आणि तिसरी यांच्या बेरजेतून दुसरीची दुप्पट वजा करायची. अणू एकसमान वेगाने जात असता तर उत्तर शून्य आलं असतं. लिफ्टमधल्या सपाट रेघेसारखा वेग या वजाबाकीत उडून जातो आणि मागे फक्त त्वरण उरतं. पृथ्वीवर ही वजाबाकी ९.८ सेंटिमीटर येते, म्हणजे मोजपट्टीच्या अडीच लाख खुणा. एका खुणेचाही अगदी लहानसा अंश वाचता येत असल्यामुळे १९९९ मध्ये चू यांच्या गटाने सिझियमचे अणू वापरून गुरुत्वत्वरणाची किंमत अब्जात तीन भाग इतकी बारीक वाचली.

आता मींड. पडणाऱ्या अणूचा वेग वाढत जातो, त्यामुळे लेझरचा सूर त्याला सरकता ऐकू येतो. रुबिडियमच्या या मांडणीत हे सरकणं दर सेकंदाला सुमारे अडीच कोटी कंपनांचं असतं. अणूचे कान फार चोखंदळ. ठरलेला सूर जरा हलला की तो लेझरकडे लक्षच देत नाही. म्हणून प्रयोग करणारे लेझरचा सूर मुद्दाम उलट्या बाजूने सरकवत नेतात. त्या दोन मींडींनी एकमेकींना तंतोतंत मिटवलं की अणूला स्थिर सूर मिळतो. आपल्याला किती सरकवावं लागलं, तेच त्वरणाचं उत्तर.

या अचूकतेला आता व्यवहारात कामं मिळाली आहेत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने अशाच अणूंचे दोन ढग एकावर एक सोडून, त्यांच्या त्वरणांतल्या फरकावरून जमिनीखालचा बोगदा शोधला. माती नसलेल्या त्या पोकळीने अणूंना किंचित कमी ओढलं होतं, एवढाच पुरावा. उपग्रहांच्या मदतीशिवाय पाणबुडीला वाट सापडावी यासाठीही हीच यंत्रं घडवली जात आहेत.

इथपर्यंत अणू मोकळा पडत होता, म्हणजे आइनस्टाइनच्या भाषेत निवांत होता. त्वरण खालच्या प्रयोगशाळेचं होतं. अणूला पडू न देता धरून ठेवलं तर? समोरासमोरच्या लेझरांनी प्रकाशाचा एक उभा जिना करता येतो, त्याच्या पायऱ्या एकमेकींपासून अर्ध्या मायक्रॉनहूनही जवळ. त्यावर थंड अणू ठेवला तर तो घरंगळत खाली जाईल असं आपल्याला वाटतं. पण पडताना अणूचा वेग वाढतो आणि तरंगलांबी आखडत जाते. ती पायऱ्यांच्या अंतराच्या दुपटीएवढी झाली, की जिना आरशासारखा वागून तरंगाला वर परतवतो. अणू वर जातो, मंदावतो, पुन्हा पडतो, पुन्हा परततो. सतत एकाच दिशेने ओढ असताना तो झोके घेत राहतो. हे भाकीत फेलिक्स ब्लॉख आणि क्लॅरेन्स झेनर यांच्या स्फटिकांतल्या इलेक्ट्रॉनांवरच्या कामातून १९२८ ते १९३४ या काळात निघालं होतं. स्फटिकात इलेक्ट्रॉन वाटेत अडखळतात, म्हणून झोके दिसत नव्हते. १९९६ मध्ये पॅरिसमध्ये सिझियमच्या अणूंनी ते दाखवले. पुढे फ्लॉरेन्समध्ये हिरव्या लेझरच्या जिन्यावर स्ट्रॉन्शियमचे अणू सेकंदाला सुमारे ५७४ झोके घेताना दिसले. हा आकडा अणूचं वस्तुमान, पायरीची उंची, गुरुत्वत्वरण आणि प्लांकचा स्थिरांक यांच्या साध्या गुणाकार-भागाकारातून निघतो. न्यूटन आणि प्लांक असे एकाच आकड्यात क्वचितच भेटतात.

एवढं झालं अणूच्या प्रवासाचं. त्याच्या आतल्या घड्याळाचं काय? अणूच्या आतली कंपनं इतकी नेमकी असतात की सेकंदाची व्याख्याच त्यांच्यावर बेतलेली आहे. धक्क्यांनी ते घड्याळ बिघडतं का? याचं कठोर उत्तर अणूने नव्हे, म्युऑन या कणाने दिलं. म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १४ मीटर व्यासाच्या चुंबकी कड्यात ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले, तेव्हा १९७७ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत त्यांचं आयुष्य ६४ मायक्रोसेकंद भरलं. वेगामुळे काळ जितका मंदावायला हवा, अगदी तितकंच. वळणावर त्यांना गुरुत्वत्वरणाच्या १ वर १८ शून्यं इतक्या पटीचं त्वरण सोसावं लागत होतं, तरी त्या त्वरणाचा वेगळा असा मागमूस हजारात एक भागाच्या अचूकतेतही सापडला नाही. आतलं घड्याळ धक्क्याला जुमानत नाही.

मग दोन घड्याळांत फरक पडतो तो कशाने? वरच्या घड्याळाचा सूर खालच्यापर्यंत पोहोचेतो मध्ये त्वरण आपली मींड घालतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या जिला संस्थेत स्ट्रॉन्शियमच्या एकाच ढगाच्या वरच्या आणि खालच्या टोकांत, एका मिलिमीटरच्या अंतरात, हा फरक वाचता आला. मिलिमीटरमागे तो १ भागिले १ वर १९ शून्यं एवढा असतो.

या सगळ्यात सूर लावणारं कोणीतरी होतं: लेझर, नाहीतर दुसरं घड्याळ. आता लेझर बंद करू, भिंती काढून टाकू, शेवटचा कणही उपसून टाकू. उरते ती निव्वळ पोकळी. पुंजभौतिकीत मात्र पोकळीही पूर्ण गप्प नसते. विद्युत-चुंबकीय क्षेत्राचं प्रत्येक कंपन कमीत कमी काही हलतच असतं. ती ऊर्जा काढून घेता येत नाही, म्हणून आपण तिला शून्य म्हणतो. एकसमान वेगाने जाणाऱ्या अणूला ही कुजबुज स्थिर अणूला येते तशीच ऐकू येते. त्याच्यासाठी पट्टी बदलते, पण सगळ्याच पट्ट्यांत तोच राग चालू असेल तर फरक कसा कळणार?

त्वरण असलेल्या अणूचं तसं नाही. त्याच्यासाठी पोकळीतला प्रत्येक सूर मींडीत सापडतो. आणि सरकता सूर कधीच एक सूर नसतो. त्याचं पृथक्करण केलं तर त्यात अनेक वारंवारता मिसळलेल्या निघतात. स्टीफन फुलिंग, पॉल डेव्हिस आणि विल्यम उनरू यांनी १९७३ ते १९७६ या तीन-चार वर्षांत हे मिश्रण तपासलं, तेव्हा उत्तर थक्क करणारं आलं. ते मिश्रण अगदी तापलेल्या भट्टीतल्या प्रकाशासारखं होतं. एकसमान त्वरणाने जाणाऱ्या अणूला पोकळी कोमट लागते. तिचं तापमान त्वरणाच्या प्रमाणात असतं, आणि त्या उबेने तो खालच्या ऊर्जापातळीवरून वरच्या पातळीवर उडीही मारू शकतो.

मग ही ऊर्जा आली कुठून, असा प्रश्न हिशेबी वाचकाला पडेलच. १९८४ मध्ये उनरू आणि रॉबर्ट वॉल्ड यांनी त्याचा ताळेबंद मांडला. अणूसोबत जाणारा म्हणतो, अणूने भोवतालच्या उबेतला एक फोटॉन गिळला. बाहेर निवांत तरंगणारा निरीक्षक त्याच क्षणी म्हणतो, अणूने एक फोटॉन बाहेर टाकला आणि तो टाकताना स्वतःही उत्तेजित झाला. दोघेही खरं बोलतात. बिल भरतो तो अणूला पुढे रेटणारा, म्हणजे रॉकेट असेल तर त्याचं इंधन.

अडचण आहे ती आकड्यांची. पृथ्वीवरच्या गुरुत्वत्वरणाएवढं त्वरण घेतलं तर ही ऊब ४ भागिले १ वर २० शून्यं केल्व्हिन येते. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या मनोऱ्यातून सोडलेल्या रुबिडियमच्या ढगाचं तापमान ३८ पिकोकेल्व्हिनपर्यंत खाली नेल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. तो ढगसुद्धा या उबेच्या जवळजवळ एक अब्ज पट तापलेला होता. उलट, पोकळी एक केल्व्हिन तापायला गुरुत्वत्वरणाच्या अडीच कोटी कोटी लाख पट त्वरण हवं.

म्हणून शास्त्रज्ञ वळणं घेऊन या उबेकडे जातात. इलेक्ट्रॉनांना कड्यात खूप वेळ फिरवलं की त्यांच्यातले चुंबक हळूहळू एका दिशेला लागतात, पण त्यांचा एकदिशपणा ९२ टक्क्यांच्या वर जात नाही. काही का चुकतात? १९८३ मध्ये जॉन बेल आणि यॉन लाइनास यांनी दाखवलं की ही चूक त्वरणाच्या उबेची बहीण मानता येते. वर्तुळात फिरण्यामुळे तिला सरळसोट तापमान म्हणता येत नाही इतकंच. २०१९ मध्ये शिकागोत चेंग चिन यांच्या गटाने सिझियमच्या अतिशीत अणूंभोवतीचं चुंबकी क्षेत्र हलवून त्यांचा असा फवारा उडवला, ज्याची मांडणी उनरूच्या सूत्राबरहुकूम होती. पण ती नक्कल होती; त्या अणूंना खरं तेवढं त्वरण दिलेलं नव्हतं. २०२२ मध्ये आणखी एक कल्पना कागदावर आली: पोकळीच्या कुजबुजीवर विसंबण्याऐवजी आधीच प्रकाश सोडून ठेवायचा, म्हणजे अणूच्या उडीची शक्यता कित्येक पटींनी वाढेल, आणि त्वरणाचा मार्ग असा निवडायचा की नेहमीच्या उड्या दबून हीच उडी उठून दिसेल.

न मोजलेल्या या उबेवर पुण्यात कोणी आयुष्यभर विचार केला असेल तर तो आयुका या खगोलसंशोधन संस्थेतल्या थानू पद्मनाभन यांनी. २०२१ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. सतत त्वरणाने जाणाऱ्याच्या पाठीमागे एक क्षितिज तयार होतं, ज्याच्या पलीकडचा प्रकाश त्याला कधीच गाठू शकत नाही. गुरुत्वत्वरणाने जाणाऱ्यासाठी ते सुमारे एक प्रकाशवर्ष मागे असतं. ही ऊब त्या क्षितिजाची. कृष्णविवराच्या क्षितिजालाही तापमान असतं, हे हॉकिंग यांनी १९७४ मध्ये सांगितलं होतं. पद्मनाभन यांचं म्हणणं असं, की जे तापू शकतं त्याला आत काहीतरी बारीक रचना असावी लागते. पाणी तापतं ते रेणूंमुळे. मग अवकाशच तापत असेल तर त्याचेही रेणूंसारखे काही घटक असतील, आणि गुरुत्वाकर्षणाची समीकरणं ही उष्णतेच्या नियमांसारखी त्या घटकांची सरासरी असेल. अजून तो प्रश्न उघडा आहे.

लिफ्टमधल्या त्या छोट्या उंचवट्याकडे आता मी वेगळ्या नजरेने पाहतो. फोनमधल्या स्प्रिंगला तो लगेच कळला. त्याच जागी रुबिडियमचा ढग सोडला असता तर त्याने तो अब्जांशाच्या हिशेबाने मोजून दिला असता. पोकळीची ऊब मात्र दोन सेकंदांच्या धक्क्यात उतरत नाही. मींड पुरती लांबावी लागते. लिफ्टचं त्वरण सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद धरलं, तर ती नऊ वर्षांहून जास्त काळ न थांबता, वेग वाढवत वर जात राहायला हवी. आमच्या सोसायटीची लिफ्ट पंधरा दिवसांतून एकदा बंद पडते.